ऐकीव विज्ञान : मराठी माध्यमाच्या शाळा आणि कुलूपबंद प्रयोगशाळा

सीमाभागातील मराठी शाळांविषयी जी निवेदने दिली जातात, त्यांतील मागण्या आता सर्वांना पाठ आहेत. शिक्षकांच्या रिक्त जागा भरा, पाठ्यपुस्तके वेळेवर द्या, परिपत्रके मराठीतून काढा, शाळेवरची मराठी पाटी उतरवू नका. या मागण्या न्याय्य आहेत आणि त्यांतील एकही सोडण्याचे कारण नाही. परंतु त्या यादीत आणखी एक ओळ असावयास हवी, आणि ती क्वचितच आढळते. मराठी माध्यमातून आठवी, नववी, दहावीत शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला भौतिकशास्त्राचा व रसायनशास्त्राचा प्रयोग स्वतःच्या हाताने करावयास मिळाला पाहिजे, ही ती ओळ होय. ही मागणी विज्ञानशिक्षकांची आहे, भाषेच्या चळवळीचा तिच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. ही मागणी आधी भाषेची आहे.

आमचा व्यवसाय न्यायालयातला. तेथे पुराव्याचा एक जुना नियम आहे: साक्ष प्रत्यक्ष असली पाहिजे. पाहण्याजोगी गोष्ट असेल तर जिने ती पाहिली त्याच व्यक्तीने सांगावी. दुसऱ्याने सांगितलेले तिसऱ्याने सांगितले, तर ती ऐकीव साक्ष ठरते. १८७२ च्या पुरावा कायद्यात हा नियम होता, आणि त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. या कसोटीवर आपल्या माध्यमिक शाळांतील विज्ञान लावून पाहावे. मॅग्नेशिअमची फीत पांढऱ्याशुभ्र ज्योतीने जळते, असे पुस्तक सांगते; पुस्तकाने सांगितलेले शिक्षक सांगतात; शिक्षकांनी सांगितलेले मूल उत्तरपत्रिकेत लिहिते. या साखळीत ज्योत पाहिलेला साक्षीदार एकही नाही. जेथे ऐकीव साक्षीवर कोंबडीचोरीचा गुन्हाही शाबीत होत नाही, तेथे तिच्या बळावर मुले विज्ञानात उत्तीर्ण होतात.

प्रयोगशाळा नसतेच असे नाही. पुष्कळ शाळांत एक खोली असते, खोलीत काचेचे कपाट असते, कपाटात परीक्षानळ्या, चंचुपात्रे, एखादा व्होल्टमीटर, दोन-चार भिंगे असतात. कपाटाला कुलूप असते, आणि ते तपासणीच्या दिवशी उघडते. साहित्य फुटेल, हिशेब द्यावा लागेल, हे भय इतके मोठे की मुलाचे शिक्षण फुटले तरी चालते.

याचा भाषेवर काय परिणाम होतो, हे एका शब्दावरून दाखवता येईल. तो शब्द आहे 'क्षार'. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत आम्ल, आम्लारी आणि क्षार अशी त्रयी आहे. आम्ल आणि आम्लारी यांच्या उदासिनीकरणातून जो पदार्थ तयार होतो तो क्षार. खाण्याचे मीठ हे त्याचे घरगुती उदाहरण. आता बेळगावच्या बाजारातून कन्नड मार्गदर्शक पुस्तक आणावे. तेथे आम्ल, प्रत्याम्ल आणि लवण अशी नावे दिसतील, आणि 'क्षार' म्हणजे पाण्यात विरघळणारे प्रत्याम्ल. इंदूर-ग्वाल्हेरचा मराठी मुलगा हिंदीतून अम्ल, क्षारक आणि लवण शिकतो. त्याच्याही पुस्तकात क्षार म्हणजे विरघळणारा क्षारक. वडोदऱ्याच्या मुलाला गुजराती पुस्तकात क्षार पुन्हा मिठाच्या बाजूला आढळतो. एकच शब्द, तोच उच्चार. पण एका पुस्तकात तो आम्लारीच्या घरचा, तर दुसऱ्यात आम्ल आणि आम्लारी यांच्या संसारातून जन्मलेला. ज्या मुलाने 'क्षार' केवळ पाठ केला आहे, त्याने सीमा ओलांडून दुसरे पुस्तक उघडले की त्याच्या पायाखालची जमीन सरकते.

हा वाद शब्दकोशाने मिटत नाही, कारण प्रत्येक कोश आपापल्या घरी बरोबर आहे. तो मिटवतो हळदीचा कागद. गाळणकागदाच्या नाहीतर साध्या शोषकागदाच्या पट्ट्या हळदीच्या दाट पाण्यात बुडवून वाळवाव्यात. एकीवर लिंबाचा रस टाकावा: ती पिवळीच राहते. दुसरीवर चुन्याची निवळी टाकावी: ती तांबडी होते. त्या तांबड्या डागावर लिंबू पिळावे: पिवळा रंग परत येतो. तिसरीवर मिठाचे पाणी टाकावे: काहीच घडत नाही. चौथीवर पापडखाराचे पाणी टाकावे: पुन्हा तांबडा डाग. येथे मुलाच्या लक्षात येते की मीठही 'खारट' आणि पापडखारही 'खार', पण हळद या दोघांना एका पंक्तीत बसवत नाही. आपल्या शेतकऱ्याला हा भेद पूर्वीपासून ठाऊक आहे. पाण्याच्या अतिवापराने बिघडलेल्या जमिनीला कृष्णाकाठी सरसकट क्षारपड म्हणत असले, तरी मिठाने पांढरी पडणारी ती खारवट आणि अल्कधर्मी होऊन चिकट-टणक बनणारी ती चोपण, असे दोन वेगळे शब्द मराठीत आहेत. हळदीचा कागद हाताळलेल्या मुलाला पाठ्यपुस्तकातली त्रयी आणि आजोबांच्या शेतातली ही जोडी एकाच विषयाची आहे, हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. पुढे त्याच्यासमोर प्रत्याम्ल येवो, क्षारक येवो की इंग्रजी नाव येवो, ते कशाचे नाव आहे हे त्याला ठाऊक असते.

मुद्दा इतकाच की पारिभाषिक शब्द प्रयोगाशिवाय भाषेचा होत नाही. 'त्वरण', 'वस्तुमान', 'उदासिनीकरण', 'अपवर्तनांक' हे शब्द मराठीने घडवले, त्यासाठी कित्येक विद्वानांनी आयुष्ये खर्चली, १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले. कोशात शब्द जन्मतो, हे खरे; पण तो जगतो परीक्षानळीपाशी, जेव्हा एक मुलगी दुसरीला सांगते, "थांब, अजून एक थेंब टाक, उदासीन झाले नाही." ज्या शब्दाने आज्ञा देता येत नाही, ज्याच्यावरून भांडता येत नाही, जो चुकला तर हातातले काम बिघडत नाही, तो शब्द आपल्या भाषेचा नव्हे, तो परीक्षेपुरता पाहुणा. मराठी पारिभाषिक शब्द 'अवघड', 'संस्कृतप्रचुर', 'कृत्रिम' असल्याची तक्रार नित्य ऐकू येते. चंचुपात्राला चोच असते, ते हातात धरून द्रव ओतणाऱ्या मुलाला हा शब्द अवघड वाटत नाही. तो अवघड वाटतो फळ्यावरून उतरवून घेणाऱ्याला.

या मागणीला चार उत्तरे मिळतात. चारही तपासून पाहू.

पहिले उत्तर: साहित्य नाही, पैसा नाही. एक मीटर दोरा, एक दगड आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ यांची किंमत कोणत्या अंदाजपत्रकात बसत नाही? दोऱ्याला दगड बांधून तो हलकेच झुलवावा आणि दहा दोलने मोजावीत. सुमारे वीस सेकंद लागतात. दगड बदलून दुप्पट जडाचा बांधावा; बहुतेक मुले सांगतील की आता झोका लवकर येईल. घड्याळ सांगते की नाही, तेच वीस सेकंद. मग दोरा पंचवीस सेंटिमीटर ठेवावा: दहा सेकंद. लांबी चौपट तर वेळ दुप्पट, हा नियम वर्गानेच शोधलेला असतो. दोलक आणि दोलनकाल हे शब्द त्यानंतर द्यावेत, ते घरात आल्यासारखे रुळतात. पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून प्रयोग करून दाखवण्याचे काम वर्षानुवर्षे केले. निधीअभावी अडते ते भिंती रंगवणे. दोलक अडत नाही.

दुसरे उत्तर: परीक्षेत प्रयोगाला स्थान नाही. यात तथ्य आहे, म्हणूनच ते तपासावयास हवे. कर्नाटकात एस.एस.एल.सी.च्या विज्ञानाला ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण शाळेतील अंतर्गत मूल्यमापनाचे. महाराष्ट्रात दहावीच्या विज्ञानाच्या दोन भागांना प्रत्येकी ४० गुण लेखी आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना २० गुणांची जागा आहे. ती जागा प्रयोगाने भरावी की वहीतल्या सुबक आकृत्यांनी, हे ठरवणे शाळेच्या हाती आहे. जे आपल्या हाती आहे त्यासाठी बंगळूरकडे किंवा मुंबईकडे बोट दाखवता येत नाही.

तिसरे उत्तर पालकांचे, आणि ते सर्वांत वजनदार: पुढे अकरावी-बारावीचे विज्ञान इंग्रजीतच आहे, मग दहावीपर्यंत मराठीत कशाला? या एका वाक्याने सीमाभागातील मराठी शाळांचे जितके वर्ग रिकामे केले, तितके कोणत्या सरकारी परिपत्रकानेही केले नसतील. गोव्यात प्राथमिक शाळा संपताच बहुतेक मुलांचे माध्यम इंग्रजी होते, तेव्हा तेथील मराठी पालकांना हा प्रश्न आणखी लवकर भेटतो. त्याला अस्मितेने उत्तर देता येत नाही. भूक लागलेल्याला ध्वजवंदन वाढता येत नाही. उत्तर असे आहे: ज्या मुलाने मराठीतून प्रयोग केला आहे, त्याला पुढे फक्त दुसरे नाव शिकावयाचे असते. ज्याने कोणत्याच भाषेत प्रयोग केला नाही, त्याला नाव आणि वस्तू दोन्ही परक्या भाषेतून शिकाव्या लागतात. पहिल्याचे ओझे शब्दाएवढे, दुसऱ्याचे डोंगराएवढे. परंतु हे उत्तर तेव्हाच खरे ठरते, जेव्हा मराठी शाळेत प्रयोग खरोखर होतो. प्रयोग नसेल, तर पालकांचा इंग्रजी शाळेकडे जाण्याचा निर्णय आम्हांला चुकीचा ठरवता येणार नाही. पाठच करावयाचे असेल, तर ज्या भाषेत पुढे लिहावयाचे तीतच पाठ करणे व्यवहाराचे, असे तो पालक म्हणतो. आणि त्याच्या तर्कात खोट नसते.

चौथे उत्तर: मराठी जाणणारा विज्ञानशिक्षकच नाही. जेथे जागा रिकामी आहे, तेथे ती भरून घेण्यासाठी लढावेच लागेल. जेथे कन्नड माध्यमातून शिकलेला शिक्षक मराठी वर्गावर येतो, तेथे मात्र प्रयोग हाच दोघांमधला दुभाषी आहे. टेबलावर विजेरीचा घट, तार आणि दिवा असेल, तर शिक्षकाचे मोडके मराठीही कळते, आणि मुलांनी सुचवलेला मराठी शब्द तोही शिकतो. कन्नड भाषेशी किंवा तिच्या शिक्षकाशी आमचे वैर नाही, कधी नव्हते. आमचे भांडण आहे ते मुक्या वर्गाशी, मग तो मुकेपणा कोणत्याही भाषेतला असो.

मराठीतून प्रयोग ही कालची कल्पना नव्हे. बेळगावहून हाकेच्या अंतरावरील कोल्हापुरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाळाजी प्रभाकर मोडक विज्ञान शिकवीत होते, आणि रसायनशास्त्र व पदार्थविज्ञान यांवर मराठीत ग्रंथ लिहीत होते. वडोदऱ्यात सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये कलाभवन स्थापिले, ते लोकांच्या भाषेतून तंत्रशिक्षण मिळावे या धोरणाने. हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमातून सुरू झाले, आणि विज्ञान व वैद्यकापर्यंतचे शिक्षण उर्दूत देऊन दाखवले. त्या धोरणात तेथील मराठी, तेलुगू, कन्नड भाषकांची जी उपेक्षा झाली ती विसरता येत नाही. पण भारतीय भाषा प्रयोगशाळेत शिरू शकत नाही, हे म्हणणे मात्र तेव्हाच खोटे पडले.

स्वातंत्र्योत्तर काळातील सर्वांत मोठा दाखला मध्य प्रदेशातला आहे, आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या आमच्या वाचकांना तो परिचित असेल. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान केवळ प्रयोगांतून शिकवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. 'बाल वैज्ञानिक' ही त्याची पुस्तके. त्यांत निष्कर्ष छापलेले नसत, मुलांनी ते प्रयोगातून काढावयाचे असत. परीक्षाही पुस्तक जवळ ठेवून, आणि शिवाय प्रात्यक्षिकाची. पुढे 'एकलव्य' संस्थेने तो अनेक जिल्ह्यांत पोहोचवला. साधी खेड्यातली हिंदी त्या वर्गांत विज्ञानाची भाषा झाली. २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला. यातून दोन धडे मिळतात. पहिला, खेड्यातल्या सामान्य शाळेत हे शक्य आहे. दुसरा, सरकारच्या मर्जीवर उभे राहिलेले सरकारच्या एका आदेशाने पडते. म्हणून शाळा चालवणाऱ्यांनी आणि पालकांनी ते आपले मानले पाहिजे. मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने महापालिकेच्या मराठी शाळांत काम करताना दाखवून दिले की विज्ञानाच्या पुस्तकाची मराठी सोपी केली की मुलांची समज वाढते. मुलाला जे कळत नाही असे आपण समजतो, त्यातले पुष्कळसे विज्ञान नसून भाषा असते.

आता कायद्याकडे वळू. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, याच्या कलम २९ च्या पोटकलम (२) मध्ये अभ्यासक्रम कसा असावा हे सांगितले आहे. त्यातील खंड (ङ) म्हणतो की शिक्षण कृती, शोध आणि अन्वेषण यांतून व्हावे. लगेच पुढचा खंड (च) म्हणतो की शिक्षणाचे माध्यम शक्य तोवर बालकाची मातृभाषा असावे. मातृभाषा आणि प्रयोग हे विधिमंडळाने शेजारी बसवले आहेत. आपल्याकडे मात्र (च) वर सभा होतात आणि (ङ) कोणी वाचत नाही. हा अधिनियम आठवीपर्यंत लागू आहे, आणि कर्नाटकात माध्यमिक शाळा आठवीपासून सुरू होते. म्हणजे माध्यमिक शाळेचे पहिले वर्ष थेट या कलमाखाली येते. अधिनियमाच्या अनुसूचीत ग्रंथालयाची वेगळी नोंद आहे, खेळाच्या साहित्याची आहे, प्रयोगशाळेची नाही. ही उणीव खरी, पण अध्यापनसाहित्य प्रत्येक वर्गाला आवश्यकतेनुसार पुरवावे, ही नोंद तेथेच आहे आणि तिचा आधार घेता येतो.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दोन निर्णय दिले. एकात म्हटले की प्राथमिक शिक्षणाचे माध्यम राज्य लादू शकत नाही, निवड पालकांची. दुसऱ्यात म्हटले की हा हक्क-अधिनियम अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना लागू करता येणार नाही. पहिल्या निर्णयाचा अर्थ असा की मराठी शाळा आता केवळ निवडीवर जगणार. दुसऱ्याचा अर्थ असा की ज्या संस्था भाषिक अल्पसंख्याक म्हणून अनुच्छेद ३० चे संरक्षण घेतात, त्यांना प्रयोगासाठी या अधिनियमाने भाग पाडता येत नाही. तेथे जबाबदारी कायद्याची नसून संस्थेची स्वतःची आहे. अनुच्छेद ३० ने शाळा स्थापण्याचा आणि चालवण्याचा अधिकार दिला. शाळा चालवणे म्हणजे हजेरीपट चालवणे नव्हे. अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र ज्या खोलीत चौकटीत लावलेले असते, तिच्या शेजारच्या खोलीला कुलूप असेल, तर त्या प्रमाणपत्राने नेमके काय राखले, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार समाजाला आहे. शिवाय अनुच्छेद ५१क (ज) ने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य केले आहे, आणि संस्थाचालक हेही नागरिकच असतात.

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत मांडतो. प्रत्येक मराठी माध्यमिक शाळेने आठवी ते दहावीच्या प्रत्येक वर्गासाठी आठवड्यातून एक जोड-तासिका प्रयोगाला राखून ठेवावी, आणि ती वेळापत्रकात लावावी. कपाटाची किल्ली विज्ञानशिक्षकाकडे असावी, आणि फुटलेल्या नळीचा हिशेब त्याच्या खिशातून मागू नये. प्रयोगाच्या वहीत आकृतीच्या आधी मुलाने स्वतःच्या मराठीत 'मी काय पाहिले' हे लिहावे, मग ते बोलीत असले तरी चालेल. शाळेने एक छोटा कोश करावा: मराठी शब्द, कन्नड शब्द, इंग्रजी शब्द, आणि समोर तो शब्द कोणत्या प्रयोगात भेटला याची नोंद. महाराष्ट्र शासनाने सीमाभागासाठी जे साहाय्य द्यावयाचे त्यात पुतळे आणि भवने यांच्या आधी प्रयोगसाहित्याच्या पेट्या असाव्यात, आणि १९६६ पासून कार्यरत असलेल्या मराठी विज्ञान परिषदेसारख्या संस्थांनी शिक्षकांसाठी येथे येऊन प्रशिक्षण घ्यावे. पुढच्या निवेदनात, पाटीच्या मागणीखाली, ही मागणी क्रमांक देऊन लिहिली जावी.

सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो, आणि तो आपल्या बाजूने लागावा यासाठी झटणाऱ्यांत आम्हीही आहोत. परंतु निकालाच्या दिवशी सीमाभागात मराठीतून विचार करणारी पिढी उरली पाहिजे. केवळ मराठीतून घोषणा देणारी उरून भागणार नाही. ती पिढी आज आठवीत आहे. तिच्या शाळेतल्या कपाटाचे कुलूप काढण्यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या हुकुमाची आवश्यकता नाही.